घरच्या वहींतील नोंदी

मागील वर्षीं आमच्या महाविद्यालयांतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या सेवानिवृत्तीचा समारंभ झाला. शाल झाली, श्रीफळ झालें, आणि जाड कागदावर छापलेल्या मानपत्राचें वाचनही झालें. अशा सर्वच मानपत्रांत असतें तसें त्यांतही एक वाक्य होतें: संस्थेच्या कार्यापुढें प्राध्यापकमहाशयांनीं घरादाराची कधीं पर्वा केली नाहीं. या वाक्यास टाळ्या पडल्या. पुढें रिवाजाप्रमाणें त्यांच्या पत्नीसही दोन शब्द बोलण्याचा आग्रह झाला. बाई उठल्या, पदर सांवरला, आणि म्हणाल्या, “एकतीस वर्षें हे घरीं जेवायला येत होते. उद्यांपासून राहायला येणार. कोणती वस्तु कुठें असते तें आतां दाखवावें लागेल.” सभेंत मोठा हशा पिकला. हंसणारांत आम्हीही होतों. परंतु नागसेनवनाच्या रस्त्यानें घरीं परततांना आमच्या ध्यानांत आलें कीं, मानपत्रांतील वाक्य व बाईंचें वाक्य हीं दोन्ही एकाच गोष्टीविषयीं होतीं. फरक एवढाच कीं, पहिल्यास टाळ्या मिळाल्या आणि दुसऱ्यास हशा.

मराठी चरित्रवाङ्मयांतही नेमका हाच प्रकार दिसतो. कर्त्या पुरुषानें आपलें चरित्र लिहिलें, म्हणजे त्यांत संस्था, सभा, मतभेद, प्रवास व प्रसंगीं तुरुंग यांना स्वतंत्र प्रकरणें मिळतात. घराच्या वाट्यास बहुधा एखादा परिच्छेद येतो, तोही विवाहाच्या किंवा निधनाच्या निमित्तानें. त्या घरांत रोज काय घडत होतें हें जाणून घ्यावयाचें असेल, तर वाचकानें त्या पुरुषाच्या पत्नीनें लिहिलेल्या आठवणींकडे वळावें. सुदैवानें अशा आठवणींच्या बाबतींत मराठी भाषा विलक्षण श्रीमंत आहे. पण या पुस्तकांचें परीक्षण आजवर बहुतेक दोनच दृष्टींनीं झालें: थोर पुरुषाच्या चरित्राचें साधन म्हणून, अथवा स्त्रियांच्या साध्या, घरगुती शैलीचा नमुना म्हणून. उद्योग व संसार यांची सांगड जन्मभर कशी घालावी, या प्रश्नाचा विचार करणारे ग्रंथ म्हणून तीं कोणी वाचलेलीं आम्हांस फारसें दिसलें नाहीं. प्रस्तुत लेखांत तोच प्रयत्न करावयाचा आहे.

आरंभ न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या घरापासून करणें योग्य होईल. रानड्यांनीं आत्मचरित्र लिहिलें नाहीं. सरकारी न्यायासन, सार्वजनिक सभा, प्रार्थनासमाज, सामाजिक परिषद व इतिहाससंशोधन इतकीं कामें अंगावर असलेल्या माणसास त्यासाठीं अवकाश मिळाला नाहीं यांत नवल नाहीं. त्यांच्या घराची ओळख आपणांस होते ती रमाबाईंच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या १९१० सालीं निघालेल्या पुस्तकावरून. १८७३ मध्यें हा विवाह झाला तेव्हां रानडे एकतीस वर्षांचे व रमाबाई अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या. दिवस कचेरीचा व सभांचा, आणि रात्र पत्नीच्या शिकवणीची, असा क्रम लौकरच सुरू झाला. प्रथम मराठी मुळाक्षरें, पुढें वाचन, त्यापुढें इंग्रजी. घरांतील वडील बायकांना हें मुळींच पसंत नव्हतें. दिवसा त्यांचे टोमणे व अबोला, आणि रात्रीं पतीचा धडा, अशा दोन राज्यांत ही मुलगी एकाच वेळीं राहत होती.

या पुस्तकांत एक शब्द वारंवार येतो, व आमच्या मतें सर्व पुस्तकाची किल्ली त्या शब्दांत आहे. पतीचें नांव घ्यावयाचें नाहीं म्हणून रमाबाई त्यांचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात. त्या काळच्या घरंदाज स्त्रीची ती साधी बोलण्याची रीत होती हें खरें. पण पुस्तकभर ‘स्वतः’ म्हणजे ते, आणि लेखिकेच्या स्वतःसाठीं मात्र तसा शब्द शिल्लक नाहीं, हें पाहून वाचकानें थोडें थबकावें. १८८६ सालीं सरकारच्या खर्चकपात समितीच्या कामास्तव हें कुटुंब कलकत्त्यास गेलें असतां रानड्यांनीं बंगाली शिकण्यास आरंभ केला, आणि हजामत चालू असतांना न्हाव्यासच ते शब्दांचे उच्चार विचारीत, ही हकीकत बाईंनीं मोठ्या गमतीनें सांगितली आहे. गंमत आहेच. पण दाढीची दहा मिनिटेंसुद्धां ज्यानें रिकामी जाऊं दिलीं नाहींत, त्याच्या घरांतील माणसांच्या वाट्यास निव्वळ रिकामा, कशासाठींही नसलेला वेळ कितीसा येत असेल, हा प्रश्नही त्याच हकीकतींत दडलेला आहे. रानड्यांनीं घरासाठीं काम बाजूस ठेवलें असें म्हणतां येणार नाहीं; त्यांनीं घरच कामाच्या आंत घेतलें. संसार हीही एक शाळा झाली.

हा मार्ग वाईट होता काय? आम्हांस तसें म्हणवत नाहीं. १९०१ च्या जानेवारींत रानडे गेले, त्यानंतर रमाबाई केवळ त्यांच्या आठवणी काढीत बसल्या नाहींत. १९०९ मध्यें पुण्यास सेवासदन उभें राहिलें, आणि १९२४ पर्यंत म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत त्यांनीं त्या कार्यास वाहून घेतलें. रात्रीच्या धड्यांचें हें फळ होय. परंतु पंचहौद मिशनमधील १८९० च्या चहापानाचा वाद व त्यापायीं पुढें रानड्यांनीं घेतलेलें प्रायश्चित्त, या प्रकरणीं आपल्या मनास झालेली यातना बाईंनीं झांकून ठेविली नाहीं. जो निर्णय पतीनें सार्वजनिक जीवनाचा म्हणून घेतला, त्याचा सल घरांत कोणाच्या उरांत राहिला, हें त्या पानांवरून समजतें. पुस्तकाचा दोष सांगावयाचा तर हाच कीं, भक्तीमुळें बाई असा सल दाखवितात व लगेच त्यावर पदर ओढतात.

दुसरें घर आहे तें धोंडो केशव कर्वे यांचें. आणि येथें दोन्ही वह्या उपलब्ध आहेत. कर्व्यांचें ‘आत्मवृत्त’ १९१५ चें, तर त्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया यांचें ‘माझें पुराण’ १९४४ चें. तें त्यांच्या सूनबाई कावेरी कर्वे यांनीं संपादिलें. १८९३ च्या मार्चमध्यें, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांतील या विधवा विद्यार्थिनीशीं कर्व्यांनीं पुनर्विवाह केला व मुरुडकरांचा बहिष्कार पत्करला. त्या वेळीं ते फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदाची तेव्हांची रीत वाचकांस ठाऊक असेल: दरमहा पंचाहत्तर रुपये वेतन, आणि वीस वर्षें सेवा करण्याची प्रतिज्ञा. हा त्याग थोर होता यांत शंका नाहीं. पण त्या प्रतिज्ञापत्रावर सही एकट्या पुरुषाची असे, आणि तिचे हप्ते स्वयंपाकघरांतून फेडले जात, ही गोष्ट मात्र संस्थांच्या इतिहासांत सहसा लिहिलेली नसते. या बाबतींत आगरकरांचें आम्हांस विशेष वाटतें. मोठ्या पगाराची नोकरी आपण करणार नाहीं, हें त्यांनीं परीक्षेच्या सुमारासच आईस पत्रानें कळविलें होतें. निदान घरास आधीं सांगितलें तरी!

१८९६ मध्यें कर्व्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला व १९०० मध्यें तो हिंगण्यास नेला. दिवसा पुण्यांत कॉलेज, आणि संध्याकाळीं चिखलाच्या वाटेनें पायीं हिंगण्यास जाणें, हा त्यांचा क्रम आतां दंतकथेसारखा सांगितला जातो. ‘आत्मवृत्ता’त या कष्टांची हकीकत आहे, संस्थेच्या पै-पैचा विचार आहे, स्वतःच्या उणिवांची कबुलीही आहे, इतकें निर्मळ आत्मचरित्र आपल्याकडे थोडेंच सांपडेल. पण ‘माझें पुराण’ उघडावें, म्हणजे त्याच वर्षांचा दुसरा हिशेब दिसूं लागतो. मुलांचीं आजारपणें आहेत, बहिष्कृत घराचा एकटेपणा आहे, आणि घरासाठीं मागें पडलेला पैसा संस्थेकडे वाहत गेल्याबद्दलची उघड उघड तक्रार आहे. बाया रमाबाईंप्रमाणें पदर ओढीत नाहींत. त्यांची भाषा बोलण्यांतली, कोंकणी रोखठोकपणाची. भांडण झालें तर भांडण झालें असें त्या लिहितात. आणि तरीही याच बाया पुढें त्याच संस्थेसाठीं दारोदार वर्गणी मागतांना दिसतात! या विसंगतीला कोणी स्त्रीस्वभाव म्हणून हंसण्यावारी नेईल. आम्हांस ती पुस्तकांतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. कार्य थोर आहे हें त्यांना मान्य होतें. त्या कार्याचा खर्च कोणीं किती सोसला हें लिहून ठेवावें, एवढेंच त्यांचें म्हणणें.

कर्व्यांच्या स्नुषा इरावतीबाई यांनीं सासऱ्यांविषयीं लिहितांना असा अभिप्राय दिला आहे कीं, अशा पुरुषाची सून होणें हें आपलें भाग्य, पण त्याची पत्नी झालों नाहीं हें त्याहून मोठें भाग्य. चरित्रकारांचीं शेंकडों पानें जें सांगूं शकत नाहींत, तें या एका अभिप्रायांत सांगून झालें. त्यांत आदर तिळभर कमी नाहीं, आणि सत्यही तिळभर कमी नाहीं.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’विषयीं (१९३४–३६) पुष्कळांनीं पुष्कळ लिहिलें आहे, म्हणून येथें एकच मुद्दा मांडतों. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या संसारांत पैसा टिकत नसे, मुक्काम टिकत नसे. १८९५ मध्यें त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर तर पतिपत्नींची वर्षानुवर्षें ताटातूट झाली. इतकें सोसलेल्या बाईचें पुस्तक वाचतांना आपण मात्र पानोपानीं हंसतों. या हास्याची टीकाकारांनीं वाखाणणी केली, आणि ती योग्यच आहे. पण ज्या समाजांत पत्नीची तक्रार तक्रार म्हणून ऐकून घेतली जात नाहीं, तेथें ती विनोदाचा वेष घेऊन येते, हेंही जाणले पाहिजे. सेवानिवृत्तीच्या समारंभांत आम्ही ज्या वाक्यास हंसलों, तें या परंपरेंतलें होतें. टिळकांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ पुढें लक्ष्मीबाईंनींच पुरें केलें, हें येथें विसरतां कामा नये. पतीचें अपुरें काम पत्नीनें पुरें करावें, असा क्रम आपल्याकडे अनेकवार घडला. पत्नीचें अपुरें राहिलेलें काम पतीनें पुरें केल्याचें उदाहरण आम्ही अजून शोधीत आहों.

आतां ज्या परिसरांतून त्या संध्याकाळीं आम्ही घरीं परतलों, तेथें येऊं. नागसेनवनांतील मिलिंद महाविद्यालय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९५० सालीं सुरू केलें. मराठवाड्यांत उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नसतांना हें महाविद्यालय निघालें. आमच्या पिढीच्या कित्येक गुरूंचे गुरु तेथें शिकले. ज्या माणसाच्या परिश्रमाचें हें फळ, त्याच्या घराची हकीकत फार कठोर आहे. पत्नी रमाबाई, पांच अपत्यांपैकीं चार लहानपणींच गेलीं, एकटे यशवंतराव जगले. पति परदेशीं शिकत असतां संसाराचा सर्व भार या बाईंनीं मुंबईंत ओढला. हें आपणांस कोणा चरित्रकाराकडूनच नव्हे, तर खुद्द बाबासाहेबांच्या लेखणींतून कळतें. १९२८ मध्यें ‘बहिष्कृत भारता’त त्यांनीं जाहीरपणें लिहिलें कीं, जिनें डोक्यावर शेणाच्या पाट्या वाहिल्या, त्या ममताळू पत्नीच्या सहवासांत दिवसाच्या चोवीस तासांतील अर्धा तासही आपणांस घालवितां येत नाहीं.

मराठींतील कर्त्या पुरुषांच्या लिखाणांत या मजकुरास तोड नाहीं, असें आमचें मत आहे. एक तर त्यांत क्षमायाचनेचा डौल नाहीं. दुसरें, त्यांत त्यागाची बढाई नाहीं. वाचकांनीं वर्गणी द्यावी, पत्र जगवावें, असें सांगतांना लेखकानें आपल्या अंगावरील ऋणांची मांडणी केली, आणि तींत पत्नीचें ऋण न विसरतां घातलें. तिसरें व मुख्य, घरच्या वहींतील नोंद घरच्या बाईनें लिहावी लागण्यापूर्वीं पुरुषानें स्वतः जाहीर वहींत केली. १९३५ च्या मे महिन्यांत रमाबाई वारल्या. १९४० च्या आपल्या पाकिस्तानविषयक ग्रंथाची अर्पणपत्रिका बाबासाहेबांनीं त्यांच्या नांवें लिहिली. अर्धा तास मात्र परत आला नाहीं. ग्रंथार्पणानें तो येत नसतो. १९४८ मध्यें प्रकृति ढांसळल्यावर त्यांनीं डॉ. शारदा कबीर यांच्याशीं विवाह केला, त्या डॉ. सविता आंबेडकर यांच्या आठवणी १९९० मध्यें ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासांत’ या नांवानें प्रसिद्ध झाल्या. जो सहवास पहिल्या पत्नीस नाकारला गेल्याची कबुली होती, तोच दुसरीच्या पुस्तकाचा मथळा व्हावा, हा केवळ योगायोग असेल. पण तो वाचकाच्या मनांतून जात नाहीं.

येथवर पुरुषाचें काम व स्त्रीचें घर अशीच वांटणी आपण पाहिली. स्त्री स्वतः नोकरी करूं लागली म्हणजे प्रश्न कसा पालटतो, याचें उत्तर इरावतीबाईंच्या ‘परिपूर्ति’ या १९४९ च्या लघुनिबंधांत शोधण्याचा मोह होतो. एका समारंभांत लेखिकेची ओळख अमक्याची कन्या, अमक्यांची सून, अमक्यांची पत्नी अशी करून दिली जाते, आणि कांहीं तरी राहिलें असें तिला वाटत राहतें. पुढें रस्त्यांतून जातांना एक पोरगा दुसऱ्यास ‘ही आपल्या वर्गांतल्या अमक्याची आई’ असें दाखवितो, तेव्हां ती ओळख पूर्ण होते. निबंध सुरेख आहे, व घरोघरीं लोकप्रिय आहे. परंतु आम्हांस त्याविषयीं एक शंका नेहमीं वाटत आली. डेक्कन कॉलेजांत संशोधन करणारी, देशभर पायपीट करून मानवशास्त्राचा अभ्यास करणारी ही विदुषी. तिच्या परिपूर्तीच्या यादींत तिच्या कामास कोठेंच स्थान कां नसावें? कर्त्या पुरुषाच्या आत्मचरित्रांत घर नसतें, आणि कर्त्या स्त्रीच्या निबंधांत काम नसतें. दोन्ही ठिकाणीं एक वही मिटलेलीच राहते.

यावर कोणी म्हणेल: रानडे, कर्वे, आंबेडकर हे संध्याकाळीं सहा वाजतां घरीं येऊन मुलांचे पाढे घेत बसले असते, तर महाराष्ट्राचें काय झालें असतें? आक्षेप खरा आहे, आणि त्याचें स्वच्छ उत्तर आमच्यापाशीं नाहीं. हिंगण्याची वाट कोणी तरी तुडवावयास हवीच होती. त्यांनीं काम कमी करावयास हवें होतें, असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ‘तोल’ हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. तराजूचीं दोन पारडीं एकाच्या हातांत असतात. येथें मात्र काम एकाच्या पारड्यांत व भार दुसऱ्याच्या खांद्यावर. त्याला तोल कसा म्हणावा? त्याला कर्ज म्हणावें हें अधिक बरोबर. आणि कर्ज काढणें पाप नसलें, तरी तें वहींत न लिहिणें हा अप्रामाणिकपणा आहे.

शिवाय, आणखी एक गोष्ट उरतेच, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख संपवितां येत नाहीं. या थोर माणसांपाशीं घराकडे दुर्लक्ष करावयास आश्रम होता, विद्यापीठ होतें, मनुष्यत्वाचा लढा होता. आमच्यापाशीं काय होतें? उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, अभ्यासमंडळाच्या बैठका, अहवाल, तपासणी समितीच्या स्वागताची तयारी, आणि परगांवच्या चर्चासत्रांतील अध्यक्षपदें. त्यांपैकीं निम्म्यांवांचून कोणाचेंही अडलें नसतें. थोरांचें काम आम्हांस झेपलें नाहीं. त्यांची सबब मात्र आम्हीं बिनतक्रार उचलली, व मानपत्रांत छापून घेण्याइतकी ती अंगवळणीं पाडली.

हा लेख लिहितांना जुनीं कागदपत्रें चाळावीं लागलीं, तेव्हां कपाटाच्या तळाशीं आमच्या पत्नीनें जपून ठेविलेलीं कांहीं वर्षांचीं भिंतीवरचीं कॅलेंडरें हातीं आलीं. त्यांवर दुधाचा हिशेब आहे. एक लिटर हें घरचें नेहमींचें माप. ज्या तारखेस आम्ही परगांवीं, त्या तारखेच्या चौकोनांत ‘अर्धा’ असें बारीक अक्षरांत लिहिलेलें. दुसरें कांहीं नाहीं. राग नाहीं, शेरा नाहीं. एका वर्षाचे ‘अर्धे’ आम्हीं मोजले. ते चौऱ्याण्णव भरले. त्या वर्षीं आमची मुलगी दहावींत होती. तिच्या परीक्षेच्या पहिल्या दिवसाच्या चौकोनांतही ‘अर्धा’ आहे. त्या दिवशीं आम्ही कोठें होतों हें आठवण्याचा प्रयत्न केला, पण आठवेना. पत्नीस विचारलें. तिनें ताबडतोब गांवाचें नांव सांगितलें, आणि गाडी किती वाजतांची होती तेंही.

रमाबाईंचें, बायांचें, लक्ष्मीबाईंचें पुस्तक यापुढें हातीं घेणाऱ्या वाचकानें तें थोर पुरुषांच्या आठवणी म्हणून खुशाल वाचावें. पण आपल्याही घरांत असें एक पुस्तक कोणी तरी लिहीत असतें, तें कदाचित् छापलें जाणार नाहीं, आणि तें आपण जिवंतपणींच वाचावयास मागणें बरें, एवढी एक गोष्ट तीं वाचून मनावर ठसली, तर त्या लेखिकांच्या श्रमांचें चीज झालें असें आम्ही समजूं.